खोल श्वासापेक्षा लांब उच्छ्वास
‘ताण आला की खोल श्वास घ्या’ एवढाच सल्ला अनेकदा दिला जातो, आणि नेमकी इथेच गफलत होते. घाबरलेला माणूस भराभर श्वास ओढत राहतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती आणखी वाढते. भर श्वास सोडण्यावर हवा. नाकाने ४ आकडे मोजत आत, ओठांचा चंबू करून ६ आकडे मोजत हळूहळू बाहेर, असं ५ मिनिटं. खांदे उचलले जात असतील तर एक हात पोटावर ठेवा. हात वर-खाली व्हायला हवा, खांदे नाही. कृपा करून हा सराव शांत वेळी रोज करा, ऐन धक्क्यात नवीन काही शिकणं फार अवघड जातं. दोन आठवडे झोप-भूक उडालेलीच असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.