‘पोट फुगलं, पैसे गेले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि खरं सांगतो, आधी रागच आला. आमच्या रेशी-धिंगरी (दोन्ही अळिंबी, म्हणजे मशरूम) पावडरने तीन आठवड्यांत पोट सुधारायचं सोडून फुगलं, डब्यावर ‘पॉलिसॅकराइड ३०%’ छापून आम्ही पीठ विकतो, आणि घरी आयोडीन टाकल्यावर पावडर काळीनिळी पडली, असं तुम्ही लिहिलंय. बायको म्हणाली, आधी स्वतः करून बघ, मग भांड. तुमच्याच लॉटचा राखून ठेवलेला डबा फोडला. चमचाभर पावडर पाण्यात उकळली, पूर्ण गार होऊ दिली (गरम पाण्यात तो रंग धरत नाही) आणि जखमेवर लावायच्या आयोडीनचे चार थेंब सोडले. दौत सांडावी तसं पाणी झालं. शेजारच्या वाटीत आमच्या शेडमधल्या धिंगरीची पावडर होती, ती कोऱ्या चहासारखी तांबूसच राहिली.

आयोडीनने असा काळानिळा होतो तो स्टार्च, म्हणजे धान्याच्या पिठातलं पिष्ट. तेव्हा पिठाचं तुमचं बरोबर आहे. आम्ही ते मिसळलं नाही, पण तुमच्या घरी आलं ते आमच्याच डब्यातून. धिंगरी आम्ही भोरजवळ स्वतः पिकवतो, सोयाबीनच्या भुसकटावर. रेशीची पावडर मात्र तयार विकत आणतो. रेशीचं फळ, म्हणजे वरची छत्री, लाकडाच्या भुशावर यायला काही महिने जातात. धान्यावर नुसती बुरशीची पांढरी जाळी वाढवली आणि धान्यासकट दळली, की काम लवकर उरकतं. या लॉटचं तसंच झालेलं दिसतंय. मेख अशी, की पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, आणि स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच. म्हणजे पुरवठादाराच्या कागदावरचे ३०% खोटे नसतीलही, पण त्यात धान्य किती आणि अळिंबी किती, ते त्यावरून कळत नाही. अळिंबीचं म्हणून जे मोजायचं ते बीटा-ग्लुकान, म्हणजे तिच्या पेशींच्या भिंतीतलं पॉलिसॅकराइड. मी ते न विचारता आकडा उचलून छापला. सहा वर्षं या धंद्यात आहे, मला हे कळायला हवं होतं.

पोट फुगण्याबद्दल मात्र थोडा वाद घालतो. भाताचा स्टार्च आपली लाळ आणि आतड्यातला रस तोडतात. बीटा-ग्लुकानमधले जोड तोडायला आपल्या शरीरात पाचकरसच नाही. त्यामुळे ते जवळपास जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात. ते आंबवताना ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. आम्ही ‘पोटासाठी चांगलं’ म्हणतो ते एवढ्यासाठीच. पण इडलीचं पीठ आंबताना फुगतं, तसा गॅस इथेही होतोच. त्यात अळिंबीत मॅनिटॉल नावाची साखर असते, तीही काहींच्या पोटाला सोसत नाही. तुम्ही पहिल्याच दिवसापासून दोन मोठे चमचे सुरू केलेत. अर्थात डब्यावर आम्ही ‘१ ते २ चमचे’ एवढंच लिहिलं होतं, चहाचा की आमटीचा ते नाही, तेव्हा यातही निम्मा दोष आमचा. पाव चहाचमच्याने सुरुवात करून आठवड्याने वाढवायला हवं होतं.

स्टॉलवरच्या पोरानं तुम्हाला ‘जपानमध्ये कॅन्सरवर चालतं’ असं सांगितलं, ते वाचून मान खाली गेली. जपानने १९७७ मध्ये मान्यता दिली ती टर्की टेल या वेगळ्याच अळिंबीतून काढलेल्या पीएसके अर्काला, आणि तिथे तो केमोथेरपीच्या जोडीने दिला जायचा. आमच्या डब्यात टर्की टेल नाहीच. पोटातल्या जीवाणूंवर त्याच अळिंबीच्या पीएसपी अर्काची एक चाचणी बॉस्टनमध्ये झाली, २०१४ साली. माणसं फक्त २४, तीही निरोगी. जीवाणूंच्या प्रमाणात फरक दिसला, पण कुणाचं दुखणं बरं झालं असं त्यातून निघत नाही. रेशीवर तैवानमधला २०१५ चा गाजलेला अभ्यास आहे, त्यात वजन उतरलं ते उंदरांचं. पोराला समज दिलीय आणि ‘पचन सुधारते’ हा फ्लेक्सही उतरवलाय.

तुमचे पैसे कालच परत पाठवलेत, डबा परत करायची गरज नाही. त्या लॉटचे उरलेले डबे विक्रीतून काढलेत. नवीन रेशी फळाचीच घेणार, आणि बीटा-ग्लुकान व स्टार्च वेगवेगळे तपासून दोन्ही आकडे छापणार. तोवर नुसती धिंगरी विकू.

एक गोष्ट मात्र आजच बघा. उरलेली पावडर सासरे घेतात आणि त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. रेशीनेही रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. त्यांची पावडर आत्ताच थांबवा आणि डॉक्टरांना डबा दाखवा.