दहा जणांचा कॉर्नर

"जालना, सोने का पालना" हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पाळण्यात बसायचा योग तेवढा आला नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि गावात "पाऊसपाणी काय म्हणतंय?" विचारणारी माणसं एकदम "प्लॉट घेतला का?" विचारायला लागली. त्यात माझ्या साडूनं घेतला. साडूकडं आलेली वस्तू सहा महिन्यांत आपल्या घरी आली नाही, तर आमच्या घरातल्या वरणात मीठ कमी पडतं.

एजंट जीप घेऊन आला. पायात पांढरे बूट. "सर, इंटरचेंजपासून पाच मिनिटं." चाळीस मिनिटांनी मी घड्याळ पाहिलं, तर म्हणाला, "रस्ता झाल्यावर पाच, सर." रस्ता कधी होणार, हे मी विचारलं नाही. नवखा होतो.

आदल्या रात्री पाऊस झालेला. आमची काळी माती कुणाला रिकाम्या पायानं परत जाऊ देत नाही. दहा पावलांत दोन्ही चपलांना मिळून दोनेक किलो जमीन लागली. व्यवहाराआधीच ताबा! एजंट मात्र बूट हातात घेऊन बांधावरूनच बोट दाखवत होता. "ती फक्कीची रेष दिसते का? तिथून तुमचे दोन गुंठे. कॉर्नर." निम्मी फक्की पावसात वाहून गेलेली, उरलेली एक शेळी हुंगत होती. तरी मला बंगला दिसला. वर टाकीसुद्धा दिसली. इसार म्हणून ५१ हजार रुपये देऊन आलो.

मग सातबारा दाखवायला शेजारच्या अण्णांकडे गेलो. अण्णा रिटायर तलाठी. लोक आधी दाखवतात, मग इसार देतात. मी मास्तर असल्यानं उत्तर आधी लिहून टाकलं. अण्णांनी चष्मा पुसला. "एनए, म्हणजे बिगरशेतीची परवानगी, कुठंय याची? ही तर जिरायत. जिरायतीचा २० गुंठ्यांखाली तुकडा पडत नाही, २०२३ पासून तसाच नियम आहे. तुला दोन गुंठे कोण द्यायलंय?"

एजंटकडं उत्तर तयार होतं. "सोपंय सर. दहा जण मिळून २० गुंठे घ्यायचे. सातबाऱ्यावर दहाच्या दहा नावं."

"नावं येतील की," अण्णा म्हणाले. "पण त्यात तुझे दोन गुंठे कुठले, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?"

तेव्हाच परत फिरायचं. पण इसार परत मागायला जे काळीज लागतं, ते माझ्यात नाही. मी रिक्षावाल्याकडून सुटे पाच रुपयेसुद्धा मागत नाही.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सर्व्हर बंद. दहा खरेदीदार, त्यांच्या बायका, एक लेकरू आणि डबे, असे सगळे लिंबाखाली बसलो. वेळ जाईना म्हणून शेजारच्या कंडक्टरना विचारलं, "तुमचा कुठला?"

"कॉर्नर."

"माझाबी कॉर्नरच," पलीकडून मेडिकलवाले म्हणाले. मग किराणावाले. मग एक ताई. मी वीस वर्षं भूमिती शिकवतोय. चौकोनाला चार कोपरे असतात, आणि त्यातले रस्त्याला लागून दोनच. इथं दहाही जण रस्त्याकडच्या एकाच कोपऱ्याचे मालक निघाले. एजंटला फोन लावला, तर तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला. आम्ही सगळे गपचूप उठलो आणि ओळीनं अंगठे लावून आलो. कारण सरळ होतं: फसलेत ते बाकीचे नऊ, याची प्रत्येकाला खात्री होती.

फेरफार झाला. सातबाऱ्यावर माझं नाव सातवं आहे, शेजारी 'सामाईक'. जमीन पडीक नको म्हणून जुन्या मालकालाच बटईनं दिली. त्यानं फक्कीच्या रेषांवरून नांगर फिरवून ज्वारी पेरली आणि जानेवारीत निरोप धाडला, "मालक, हुरडा खायला या."

दहाही कुटुंबं आली. रानात आगटी पेटलेली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, सगळं झकास. आम्ही पोचलो तर नऊ सतरंज्या आधीच अंथरलेल्या होत्या, रस्त्याकडच्या त्या एकाच कोपऱ्यात, एकमेकींवर चढलेल्या. बाकी सगळं रान मोकळं.

बायकोनं आमची सतरंजी काढली, मेडिकलवाल्यांच्या सतरंजीवर अर्धी टाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "लोकांना काही वाटतं का हो? आपल्या प्लॉटात केवढी गर्दी केलीय!"