गुप्तहेराच्या घराचा पत्ता

फ्लोरिडात खासगी गुप्तहेराला लायसन्स कोण देतं, माहितीये? कृषी खातं. खरंच. संत्र्याच्या बागांवरच्या रोगांची चिंता वाहणाऱ्या त्याच खात्यात लायसन्सचा एक विभाग आहे. डिटेक्टिव्ह, सिक्युरिटी गार्ड, हप्ते थकले की गाडी उचलून नेणारे वसुलीवाले, सगळ्यांचं दप्तर तिथेच. (आपल्याकडे असं असतं तर कृषी सहायकाला आणखी एक काम लागलं असतं!)

या दप्तराबद्दल तिथल्या कायद्यात एक छोटंसं कलम आहे, ४९३.६१२२. गुप्तहेर, वसुली एजंट आणि या दोघांच्या हाताखाली शिकणारे उमेदवार, यांच्या घराचा पत्ता आणि घरचा फोन खात्याने लोकांना द्यायचा नाही. पोलिसांना देता येतो, इतरांना नाही. फ्लोरिडा सरकारी कागद उघडे ठेवण्याबाबत कमालीचं कडक आहे. सरकारी नोंदी बघण्याचा हक्क तिथे राज्यघटनेतच लिहिलाय आणि आज नवा अपवाद करायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. अशा राज्यातही हा पडदा टिकून आहे.

पडदा का हवा, हे मला कुणी समजावायला नको. मी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या क्लेमची चौकशी करतो. पंचनामा एक गाडी सांगतो, गावकरी दुसरीच सांगतात, मग कधी कधी क्लेम बारगळतो. माझा रिपोर्ट कोर्टात दाखल होतो, त्याची प्रत समोरच्या वकिलाकडे जाते आणि लेटरहेडवर माझ्या घराचा पत्ता छापलेला असतो, कारण ऑफिस म्हणजे हॉलमधलं एक टेबल. ज्याचे लाखो रुपये माझ्यामुळे बुडाले असं त्याला वाटतं, त्याला माझं दार ठाऊक असतं. घटस्फोटाच्या केसमध्ये कुणाच्या तरी नवऱ्याच्या मागावर राहणाऱ्याची अवस्था याहून वाईट.

तरीही या धंद्याच्या तोंडून 'आमचा पत्ता लपवा' ऐकलं की मला रेबेका शेफर आठवते. अमेरिकन टीव्हीवरची २१ वर्षांची अभिनेत्री. जुलै १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला तिच्याच दारात एका वेड्या चाहत्याने तिला गोळी घातली. पत्ता त्याला कुठून मिळाला? ॲरिझोनातल्या एका डिटेक्टिव्ह एजन्सीला २५० डॉलर देऊन. एजन्सीने तो कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यातून काढला होता, म्हणजे तिथल्या आरटीओतून म्हणा. त्या काळी थोडी फी भरली की असा पत्ता मिळायचा. या खुनानंतर नियम आवळले गेले आणि १९९४ मध्ये वाहनचालकांची माहिती जपणारा केंद्रीय कायदा झाला. त्या कायद्यात अपवादांची यादी आहे आणि त्यात लायसन्सधारक खासगी गुप्तहेर एजन्सीला आपली स्वतंत्र जागा आहे! मान्य कारणासाठीच, हे खरं. पण सामान्य माणसाला जे दार बंद झालं ते यांच्यासाठी किलकिलं राहिलं.

दुसरं प्रकरण न्यू हॅम्पशरचं, १९९९. एका माथेफिरूने शाळेपासून मनात धरलेल्या मुलीची माहिती इंटरनेटवरच्या एका शोध कंपनीकडून विकत घेतली. ती नोकरी कुठे करते हे काढायला कंपनीने नेमलेल्या बाईने त्या मुलीलाच फोन केला, खोटं कारण सांगितलं आणि तिच्याच तोंडून उत्तर काढून घेतलं. पुढे कामाच्या ठिकाणाबाहेर तिचा खून झाला. कंपनीचा प्रमुख फ्लोरिडाचा लायसन्सधारक गुप्तहेर होता, ज्याच्या घराचा पत्ता सरकारने झाकायचा त्याच वर्गातला. २००३ मध्ये न्यू हॅम्पशरच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माहिती विकल्याने तिसऱ्या माणसाला धोका होऊ शकतो हे दिसत असेल, तर विकणाऱ्यावर काळजी घेण्याची जबाबदारी येते. माझ्या मते या धंद्याच्या प्रत्येक लायसन्सच्या मागच्या बाजूला हे छापायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं की घर झाका, पण माणूस झाकू नका. नाव, लायसन्स नंबर, ते चालू आहे की रद्द, तक्रारी किती आणि दंड कशाबद्दल, हे सगळं उघडं राहिलंच पाहिजे. फ्लोरिडाच्या कलमाची शेवटची ओळ मला फार आवडते: घराचा पत्ता हाच धंद्याचा पत्ता असेल, किंवा तसा दिसत असेल, तर तो सार्वजनिकच. या हिशेबाने माझ्या हॉलमधल्या टेबलाला काहीच संरक्षण नाही. चालेल. पैसे घेऊन दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावणाऱ्यावर नोटीस बजावायला कुठलं तरी दार हवंच. मी गाळा भाड्याने घ्यावा, ती माझी अडचण.

शिवाय हे कलम फक्त त्या खात्याच्या दप्तरापुरतं आहे. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मालमत्ता नोंदी त्यात येत नाहीत, आणि तिथे नाव टाकलं की घर कुणाचं ते दिसतं. आपल्याकडेही सातबारा, इंडेक्स टू, मतदार यादी हे सगळं घरबसल्या बघता येतं. नाव आणि गाव ठाऊक असलेल्याला माणूस गाठायला डिटेक्टिव्ह लागतोच असं नाही.

आता आपल्याकडचं. सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीसाठी २००५ चा कायदा आहे. डिटेक्टिव्हसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, वर्षानुवर्षं पडून राहिलं आणि शेवटी मागे घेतलं गेलं. लग्नाआधी मुलाची 'माहिती काढून' देणाऱ्या एजन्सीच्या जाहिराती लोकलमध्ये चिकटवलेल्या असतात, पण त्यातल्या कुणाचं लायसन्स तपासायचं तर लायसन्स नावाची गोष्टच नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड विकल्याच्या प्रकरणात काही खासगी गुप्तहेरांना पकडलं. त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याबद्दल तक्रार करायची तर कुठल्या खात्याकडे? पत्ता लपवायचा की दाखवायचा हा वाद घालायला आधी तो लिहिलेली वही तरी हवी.

आणि उद्या ती वही आलीच, तर दुसरी भीती आहे. नव्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्याच कलमात बघावं लागायचं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की झालं. जनहित मोठं असेल तर अशी माहितीही देता येते, हे सांगणारं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते वापरायला अपिलं करत बसावं लागेल. म्हणजे गुप्तहेराच्या घराच्या पत्त्याबरोबर त्याच्यावरच्या तक्रारीही त्याच शिक्क्याखाली जाऊ शकतात. तेव्हा कायदा कधी झालाच, तर काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं हे फ्लोरिडासारखं त्याच कायद्यात नाव घेऊन लिहा. बाबूंच्या मर्जीवर सोडू नका.