इंग्रजी लेखन म्हणजे फळ्यावरचं उतरवून काढणं नव्हे

थोडं मोठं लिहितोय, पण तिसरी ते सहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या सर-मॅडमनी आणि त्या वयाच्या पोरांच्या आईवडिलांनी शेवटपर्यंत वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडं प्राथमिकला इंग्रजी लेखन म्हणून दोनच गोष्टी चालतात. एक तर फळ्यावरचं जसंच्या तसं चाररेघी वहीत उतरवायचं, नाहीतर एकदम 'माय मदर या विषयावर दहा ओळी लिहून आणा'. मधलं काहीच नाही. मग पोरगं काय करणार, गाईडमधून उतरवणार, नाहीतर ताईकडून लिहून घेणार आणि पाठ करणार. अख्ख्या वर्गाच्या आया 'काइंड अँड लव्हिंग' निघतात, सगळ्यांच्या गायी 'युजफुल ॲनिमल' असतात, आणि वह्या तपासताना आपण सगळ्यांना गुड देऊन मोकळे.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, म्हणजे आता पाव शतक झालं. आणि 'असर'चा (प्रथम संस्था गावोगावी मुलांची चाचणी घेऊन काढते तो) 2022 चा अहवाल बघा, ग्रामीण भारतात पाचवीच्या साधारण चौथा हिस्सा मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येतात, 2016 ला पण जवळजवळ तेवढंच होतं. हे झालं वाचायचं. लिहायचं तर त्या चाचणीत विचारतच नाहीत. स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत लिहिता येणारी पोरं किती, हे आपल्याला कळायचं असेल तर त्याला आपला वर्ग आणि आपल्या वह्या एवढंच साधन आहे.

माझं म्हणणं एवढंच की लहान पोरांना लिहायला आधार पाहिजेच, पण तो आधार रोज थोडा थोडा काढून घेतला पाहिजे. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, पण तो कधीतरी सोडतात ना. आपण एक तर डब्याशिवाय ढकलून देतो, नाहीतर दहावीपर्यंत डबा सोडतच नाही. डायजेस्ट म्हणजे तोच न सुटलेला डबा.

आता प्रत्यक्ष वर्गात काय होतं ते सांगतो. समजा विषय आहे सकाळी घरात कोण काय करतं. पहिल्या दिवशी सुरुवातीला वही उघडायचीच नाही, फक्त बोलायचं. पोरं मराठीत सांगतात, आजी शेळ्या सोडते, पप्पा डेअरीला दूध घालतात, मम्मी भाकरी करते, दादा उठतच नाही. त्यातलेच शब्द इंग्रजीत फळ्यावर घ्यायचे. मग तीन रकान्यांचा तक्ता, पहिल्यात माय मदर, माय फादर, माय ग्रँडमदर, दुसऱ्यात मेक्स भाकरी, टेक्स मिल्क टू द डेअरी, फीड्स द गोट्स, तिसऱ्यात इन द मॉर्निंग, ॲट सिक्स ओक्लॉक वगैरे. प्रत्येकानं आपल्या घराला लागू पडतील तीच वाक्यं जुळवायची. खोटं वाक्य चालणार नाही, ही अट मी फार कडक पाळतो, कारण खरं काय ते शोधायला पोराला तक्ता वाचावा लागतो, समजून घ्यावा लागतो. नुसतं उतरवून भागत नाही. (भाकरीला ब्रेड लिहू नका हो. भाकरीच लिहा.)

दुसऱ्या दिवशी तिसरा रकाना पुसायचा. त्याच्या पुढच्या दिवशी मधला पण पुसायचा आणि फक्त सुटे शब्द ठेवायचे, गोट्स, डेअरी, वॉटर, टेम्पल. शेवटी फळा कोरा, वर फक्त दोन प्रश्न. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून, रोज एक तरी वाक्य असं पाहिजे जे फळ्यावर नव्हतं. तक्ता काही नवा नाही, हॅरोल्ड पामर नावाच्या भाषाशिक्षकानं 1916 साली असल्या तक्त्यांचं अख्खं पुस्तक काढलं होतं, आपल्या डीएडला पण सब्स्टिट्यूशन टेबल शिकवलेलं असतं. तक्ता आपण काढतो, पुसायचं मात्र राहून जातं.

त्या एका वाक्यात काय काय येतं ते बघायला पाहिजे. गायीवरच्या वाक्यात एका पोरीनं लिहिलं होतं, अवर काऊ नो लाइक माय काका. व्याकरण चुकलंय, मान्य. पण फोर लेग्ज, टू हॉर्न्स, वन टेल सोडून ती आपल्या गोठ्यातली गाय लिहायला लागली. पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला डझ नॉट लाइक शिकवायला याच्यापेक्षा चांगलं वाक्य कुठल्या पुस्तकात मिळणार होतं? सगळ्यांनी आपापल्या घरातल्या नावडत्या गोष्टींची वाक्यं केली. कारलं, अंघोळ, पाढे, सगळं आलं.

चुकांबद्दल पण बोललं पाहिजे. आपलं पोरगं लिहितं, इन माय व्हिलेज वन टेम्पल इज. त्यावर लाल पेनानं काट मारण्याआधी जरा थांबा. 'आमच्या गावात एक मंदिर आहे' हेच त्यानं शब्दाला शब्द लावून आणलंय, आपल्यात क्रियापद शेवटी येतं म्हणून त्यानं पण शेवटी ठेवलं. हा ढपणा नाही, त्यानं डोकं चालवलंय. त्याला देअर इज अ अमुक इन माय व्हिलेज हा साचा द्या आणि त्यात विहीर, बसस्टँड, साखर कारखाना, चिंचेचं झाड काय काय घालून भरपूर फिरवा, आपोआप बसतं. कॅपिटलचं पण तसंच, देवनागरीत लहानमोठं अक्षर नसतंच, मग पोराच्या डोळ्याला ते दिसणार कसं? ए आणि द तर मराठीत नाहीतच, ते यायला वर्षं लागतात, लागू द्या. एका आठवड्यात एकच गोष्ट तपासायची, या आठवड्यात फक्त कॅपिटल आणि फुलस्टॉप, बाकीच्या चुका दिसल्या तरी हात लावायचा नाही. सगळं पान लाल झालं की पोरगं पुढच्या वेळी येतंय तेवढंच लिहितं, आणि मग फळ्यावरचंच उतरवायला लागतं.

पालकांना इथं एक विनंती. वही स्वच्छ, भरलेली, एक खाडाखोड नाही म्हणजे पोराला इंग्रजी आलं असं समजू नका. अक्षर सुंदर असणं चांगलंच, पण त्या पानातलं एक तरी वाक्य त्याचं स्वतःचं आहे का ते विचारा. इंग्लिश मीडियमला घातलंय म्हणून हा प्रश्न सुटतो असं पण नाही, तिथंही क्वेश्चन-आन्सर फळ्यावरून उतरवून पाठच करून घेणारे वर्ग मी बघितलेत.

काहीजण म्हणतील द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन हे जमणार कधी, त्यात ऑनलाइन माहित्या भरायच्या. अडचण खरी आहे, तिच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. पण ही पद्धत जोडवर्गाला उलट जास्त सोयीची आहे. फळ्यावर तक्ता एकच, तिसरीच्यानं त्यातून दोन वाक्यं करायची, चौथीच्यानं पाच, पाचवीच्यानं अँड, बट, बिकॉज लावून परिच्छेद करायचा आणि तिसरीच्याला वाचून दाखवायचा. वेगळी तयारी लागत नाही, खडू आणि फळा बास.

आणि दहावीच्या पेपरात काय असतं? पत्रलेखनाला मुद्दे दिलेले असतात, तक्त्यातल्या माहितीवरून परिच्छेद लिहायचा असतो, म्हणजे तिथं पण आधार देऊनच लिहायला सांगतात. तरी पोरं अख्खी पत्रं पाठ करून जातात, कारण दिलेल्या चार शब्दांतून आपलं वाक्य करायची सवय चौथीत लागलीच नाही. ती सवय दहावीच्या जादा तासाला लागत नाही, शिकवणाऱ्यालाही तिथं वेळ नसतो.

सोमवारपासून आमच्याकडं 'आठवड्याचा बाजार' हा विषय आहे. तक्ता कॉमेंटमध्ये टाकतो, ज्यांना पाहिजे त्यांनी बिनधास्त वापरा. भाज्यांची नावं तुमच्या भागातली घाला. आणि तुमच्या पोरांनी स्वतःच्या मनानं घातलेली वाक्यं, चुकीची असली तरी तशीच, खाली नक्की टाका.