तीस टक्के कमी, पण कुणापेक्षा?

"रोजचं जेवण 30 टक्क्यांनी कमी करा, आयुष्य 30 टक्क्यांनी वाढेल. उंदीर, माकड आणि माणूस, तिघांवर सिद्ध झालेलं सत्य!" असा मजकूर आणि सोबत दोन माकडांचा फोटो: एक तुकतुकीत, दुसरं केस विरळ झालेलं, पोक आलेलं. खाली ठेवणीतली ओळ, 'एकदा जेवतो तो योगी, दोनदा जेवतो तो भोगी, तीनदा जेवतो तो रोगी'. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, योगवर्गाच्या ग्रुपवर हा दावा रूपं बदलून फिरत असतो. निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा खऱ्या संशोधनापासून सुरू होतो आणि अर्ध्या वाटेत भलतीकडे वळतो. म्हणून एकेक मुद्दा बघू.

"कमी खाणारे उंदीर जास्त जगतात."

खरं आहे. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि मेरी क्रॉवेल यांनी 1935 सालीच हे दाखवलं. त्यांच्या उंदरांची वाढ खुंटली, पण आयुष्य लांबलं. पुढे असे प्रयोग कितीतरी झाले. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये 960 उंदरिणींवरचा मोठा अभ्यास आला. भरपेट खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे प्राणी जितके जगले तो काळ) सुमारे 25 महिने भरलं, 40 टक्के कमी खाणाऱ्यांचं सुमारे 34.

मेसेज इथेच थांबतो. त्याच अभ्यासात पुढे असंही निघालं की कोण किती जगणार यात आहारापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा होता. शिवाय उपाशी गटात जास्त जगले ते भराभर बारीक झालेले प्राणी नव्हेत, तर कमी खाऊनही वजन टिकवून धरणारे. त्याआधी 2010 मध्ये उंदरांच्या चाळीसेक वेगवेगळ्या वाणांवर 40 टक्के कपातीचा प्रयोग झाला होता. त्यात आयुष्य वाढलेल्या वाणांपेक्षा घटलेल्या वाणांची संख्या जास्त निघाली. म्हणजे '30 टक्के द्या, 30 टक्के घ्या' असा सरळ व्यवहार उंदरांमध्येसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात थंडी नाही, जखमा नाहीत, साथीचे रोग जवळजवळ नाहीत. कमी खाणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांना मुद्दाम फ्लूचा संसर्ग दिला, तेव्हा ते भरपेट खाणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मेले. आपण पिंजऱ्यात राहत नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात डेंगी असतो.

"माकडांवरही सिद्ध झालं, फोटो बघा."

फोटो खरा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातली ही रीसस माकडं, कमी खाणारा तुकतुकीत कॅन्टो आणि पोक आलेला ओवेन. तिथला प्रयोग 1989 मध्ये सुरू झाला. 30 टक्के कमी खाणाऱ्या माकडांमध्ये म्हातारपणाच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी आहेत, असं 2009 मध्ये जाहीर झालं आणि हा फोटो जगभर गेला. जो फिरत नाही तो दुसरा प्रयोग. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने 1987 पासून तशाच माकडांवर तशीच 30 टक्के कपात करून पाहिली, आणि 2012 मध्ये सांगितलं की आयुष्यात फरक पडला नाही.

एकच प्राणी, तेवढीच कपात, मग उत्तरं दोन कशी? ही भानगड समजली की सगळा मेसेज समजतो. विस्कॉन्सिनच्या तुलनेच्या गटातली माकडं, म्हणजे ओवेनचा गट, हवं तेवढं खात होती. त्यांचं खाद्य शुद्ध केलेल्या घटकांचं होतं आणि त्यात एक चतुर्थांशाहून जास्त निव्वळ साखर होती. त्यातल्या बऱ्याच माकडांना मधुमेह झाला किंवा होऊ घातला. दुसऱ्या संस्थेच्या खाद्यात साखर जेमतेम 4 टक्के होती, बाकी धान्य आणि नैसर्गिक घटक. तिथे तुलनेच्या गटालाही मोजूनमापून खायला देत, वजन बेसुमार वाढू नये म्हणून. या मोजून खाणाऱ्या माकडांपेक्षा आणखी कमी खाणारी माकडं जास्त जगली नाहीत.

आता फोटो पुन्हा बघा. त्यात डावीकडे उजवीकडे 'उपाशी' आणि 'नेहमीचं जेवण' असे दोन पक्ष नाहीतच. एका बाजूला बेताने खाणारा आहे आणि दुसऱ्या बाजूला साखरेवर पोसलेला. यातून निघतं ते एवढंच, की बकाबका खाऊ नये. गरजेपेक्षा कमी खावं, हे यातून निघत नाही.

दोन्ही गटांच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. प्रौढ माकडांना मर्यादित खाण्याचा फायदा होतो, असं त्यांनी मान्य केलं, तेही इथे सांगायला हवं. पण लहान वयात कपात सुरू केलेल्या माकडांना आयुष्याचा फायदा दिसला नाही. 'घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा' असं लिहिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

"माणसांवरच्या प्रयोगात म्हातारपण थांबलं."

थांबलं वगैरे काही नाही. हा 'कॅलरी' (CALERIE) नावाचा प्रयोग. अमेरिकेत 21 ते 50 वयाच्या, लठ्ठ नसलेल्या, निरोगी दोनशेवर माणसांवर तो दोन वर्षं चालला. लक्ष्य होतं 25 टक्के कपातीचं. पहिले काही आठवडे जेवण आयतं दिलं, पुढे आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दिमतीला होते, जीवनसत्त्वं आणि कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. इतकं करून दोन वर्षांची सरासरी कपात साधली ती 12 टक्के. म्हणजे हौशीने आलेली, पाठबळ असलेली माणसं अर्ध्यावर आली. घरी एकट्याने डबा भरणाऱ्याने 30 टक्क्यांचं काय करायचं?

फायदे झाले. वजन सुमारे 10 टक्क्यांनी उतरलं, रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल कमी झालं, इन्सुलिन नीट काम करू लागलं. हे थोडंथोडकं नाही. पण माणूस किती जगला, हे दोन वर्षांत मोजता येत नाही. 'म्हातारपण थांबलं' हे आलं 2023 मध्ये छापलेल्या, याच माणसांच्या रक्ततपासणीतून. डीएनएवरच्या खुणांवरून वय जोखण्याच्या एका मापात म्हातारं होण्याचा वेग 2 ते 3 टक्क्यांनी मंदावलेला दिसला. अशाच दुसऱ्या दोन मापांत काही फरक दिसला नाही. आणि हाडं? कॅल्शियम देऊनही कमरेच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता घटली. स्नायूही काही प्रमाणात गेले. पन्नाशीनंतरच्या बायकांच्या ग्रुपवर हा मेसेज पुढे ढकलताना एवढं तरी खाली लिहायला हवं.

"उपाशी राहिलं की पेशी आपला कचरा खातात, याला नोबेल मिळालं."

योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं, ते पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात याची यंत्रणा उलगडल्याबद्दल. काम मुख्यतः यीस्टवर झालं. कोणत्याही डाएटला नोबेल मिळालेलं नाही.

"ओकिनावाचे लोक 80 टक्केच पोट भरतात आणि शंभरी गाठतात."

या दाव्यामागचे आहाराचे आकडे 1949 चे आहेत. 1945 च्या लढाईत जपानचं ते बेट उद्ध्वस्त झालं होतं आणि लोक मुख्यतः रताळ्यांवर जगत होते. खायला नव्हतं म्हणून कमी खाणारा, दिवसभर शेतात राबणारा तो समाज. त्याचं उदाहरण लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्याला लावण्यात फारसा अर्थ नाही. त्यात लढाईत जन्मनोंदीच जळाल्यामुळे शंभरीच्या काही आकड्यांवरही शंका घेतली गेली आहे.

(आपल्याकडचे उपासही पुरावा म्हणून येतात. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या समाजाने साबुदाण्याच्या खिचडीला उष्मांककपात म्हणू नये.)

"अपाय काहीच नाही, आजपासून सुरू करा."

हा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो कुणी वाचावा हे मेसेजच्या हातात नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पाचातली एक गरजेपेक्षा कृश होती. साधारण तेवढ्याच जास्त वजनाच्याही होत्या. दोघींच्या फोनवर एकच मेसेज येतो. पाळते कोण? बहुतेक वेळा जिला आधीच सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय आहे, ती.

तिचं ताट बघा. बैठं काम करणाऱ्या, 55 किलोच्या बाईसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा हिशेब आहे रोज 1660 कॅलरी आणि सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं. दिवसाच्या सहा पोळ्यांतून 18 ग्रॅम, वाटीभर वरणातून 6-7, भात, दोन चहांतलं दूध आणि वाटीभर दही मिळून 9 च्या आसपास. बेरीज 35 च्या पुढे फारशी जात नाही. आता यातून 30 टक्के काढा. उरतात 1160 कॅलरी. आणि कापलं जातं ते बहुधा रात्रीचं जेवण, म्हणजे तीन पोळ्या आणि दही. चहातली साखर आणि चारचं फरसाण जागच्या जागी.

तुलनेसाठी एक जुना प्रयोग. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे त्यांच्या नेहमीच्या निम्म्या आहारावर, रोज सुमारे 1570 कॅलरींवर ठेवलं. पाय सुजले, उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली. खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना आणि काहीजण चक्क पाककृती जमवत बसले. 

उलट्या दिशेचा पुरावा आपल्या देशातला आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातल्या नव्या क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. 2023 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. इथे आजार टळला तो जास्तीच्या अन्नाने.

"पण आमचं पोट सुटलंय त्याचं काय?" रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपली ठेवणच अशी, हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटावर. म्हणजे चरबी जास्त आणि स्नायू आधीच कमी. नुसतं ताट कापलं तर दोन्ही जातात. कापायचं ते साखर, तळण, मैदा आणि भाताचा दुसरा वाढा. डाळ, उसळ, अंडी, दूध राहू द्यायचं, जमलं तर वाढवायचं, आणि उठाबशा, वजनं असा स्नायूंना ताण देणारा व्यायाम जोडायचा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर एवढंही डॉक्टरांना विचारूनच. जेवण कमी आणि डोस तोच राहिला, की साखर एकदम खाली येऊन रात्री झोपेत शुद्ध हरपू शकते.