गरिबांपासून योग्य अंतर राखून ख्रिस्ती कसे राहावे

लूकच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू सरळ म्हणतो, दीनांनो, तुम्ही धन्य. दचकू नका. मत्तयाच्या 5व्या अध्यायात 'आत्म्याने दीन' असं आहे, आणि आत्म्याने दीन तर कुणालाही होता येतं, गुबगुबीत सोफ्यावर बसूनही. तेव्हा मत्तयालाच धरून राहा. फक्त 25व्या अध्यायापर्यंत वाचत जाऊ नका, तिथं 'भुकेल्यांना दिलंत ते मलाच दिलंत' असं येशू म्हणतो.

श्रीमंतानं देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला, त्या उंटाचीही काळजी सोडा. यरुशलेमला त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून आत शिरायचा, असं कुणीतरी जाणकार सांगेलच. अशा दरवाजाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. पण पुराव्यावाचून विश्वास ठेवायची सवय आपल्याला आहेच की!

मदतीचा विषय निघाला की 'गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत' हे येशूचं वचन फेकावं. ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 15व्या अध्यायातून आलंय आणि तिथं लगेच 'म्हणून हात सैल सोड' अशी आज्ञा आहे, हे मात्र बोलू नये.

गरिबांसाठी प्रार्थना करा. लांबून.

होतं नव्हतं ते दान करणाऱ्या गरीब विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट दानार्पणाच्या आधी जरूर सांगा, पण तिच्या जरा आधीची, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांची ओळ गाळून.

आणि बसण्याची व्यवस्था चोख ठेवा. गेल्या रविवारी आमच्याकडे होती तशी. एक बाई लेकराला घेऊन पुढून दुसऱ्या बाकावर बसली. कपडे मळके, बहुधा कामावरून तशीच आलेली. स्वागताला उभे असलेले बंधू वाकून गोड आवाजात म्हणाले, "ताई, मागं बसता का? पाहुणे यायचेत." ती मुकाट्यानं उठली. पाहुणे आले, बसले, फोन बघू लागले. त्या दिवशीचा संदेश कशावर होता? श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दाराशी पडलेला भिकारी लाजर, या येशूच्या गोष्टीवर! लाजराचे फोड कुत्री चाटतात तिथं पाळकसाहेबांचा गळा दाटून आला. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. उपासनेनंतर मी त्या बंधूंना विचारलं, तर म्हणे, "अहो, शिस्त नको का?"

शिस्त! करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही हीच शिस्त होती. काही जण पिऊन तर्र आणि काही उपाशी, तेही प्रभुभोजनाला. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता काय, असं प्रेषित पौलानं त्यांना पत्रातून खडसावलं. याकोबाच्या पत्राचा 2रा अध्याय तर जणू आमच्या स्वागत समितीचं इतिवृत्त आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा, मळक्या कपड्यांतल्याला 'तू तिथं उभा राहा'. आम्ही पुढे 'ताई' लावतो, एवढीच काय ती सुधारणा.

आता सूचनाबिचना पुरे. त्या गोष्टीतल्या श्रीमंतानं लाजराला मारलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. दाराशी पडू दिलं, तेवढ्यावर तो नरकात गेला. तुम्ही तर बसलेल्या बाईला उठवलंत. येशूनं त्या श्रीमंताला नाव दिलं नाही, भिकाऱ्याला दिलं. तुमच्यापैकी एकानं तरी तिचं नाव विचारलं? शेजारच्या बाकावर बसून 'आमेन' म्हणताना तोंड चांगलं उघडत होतं, मग 'इथंच बसा हो' म्हणायला काय झालं होतं? लाज वाटू द्या जरा. पाहुण्यांना मागं बसवायची हिंमत नसेल तर दारावरची 'सर्वांचे स्वागत आहे' ही पाटी तरी उतरवा.