वाचनमंडळ हवं, पण मोठ्यानं वाचणारं
डाव्या चर्चेसाठी वाचनमंडळं आणि निबंध पुन्हा सुरू करा, असं एका लेखात वाचलं आणि ते मनापासून पटलं. पण प्रत्येकानं घरून पुस्तक वाचून यावं, ही त्यातली अट आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात टिकणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण वाचून येईल?

मोठ्यानं वाचा. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मधले भाग पुण्या-मुंबईसह जुन्नर, ओतूर, हडपसरला लोकांसमोर वाचून दाखवले होते.

आम्ही सात-आठ जण शनिवारी रात्री समाजमंदिरात बसतो. एक वाचतो, बाकीचे अडवतात. हमीभावावरच तीन बैठका गेल्या. सरकार खर्चाच्या दीडपट भाव काढताना खिशातून झालेला खर्च आणि घरच्यांची मजुरी धरते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज धरत नाही. हे कळल्यावर वेचणीला जाणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "मंग आमच्या किलोमागच्या मजुरीचा हमीभाव कोन काढते?" खोली गप्प झाली. माझ्या मते निबंध इथूनच सुरू व्हावा, त्यांच्याच वऱ्हाडीत. आठ पानांच्या झेरॉक्स काढून आठवडी बाजारात वाटता येतील.

आणखी एक. अमरावतीनं १९८९ ला सुदाम देशमुखांना, वर्ध्यानं १९९१ ला रामचंद्र घंगारेंना, अशा दोन कम्युनिस्टांना लोकसभेत पाठवलं. त्यांच्या प्रचारसभा ऐकलेले म्हातारे अजून आहेत. या म्हाताऱ्यांच्या आठवणी आधी उतरवून घ्या. आम्ही मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलंय, लिहून काढायला हात हवे आहेत.